छत्तीसच्या छत्तीस

वारा फुकट मिळतो असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा मास्तरणीला भेटावं. ती त्याला समोर बसवेल आणि वारा कुठे कुठे वाया जातो त्याची अशी यादी ऐकवेल, की बिचारा घरी जाऊन टेबलावरचा पंखासुद्धा पुसून ठेवेल. आयुष्यात तिने एकही वर्ग शिकवला नव्हता. पठारावरच्या वीजघरात ती देखभालीची प्रमुख होती. एखादा नट सैल सापडला की ज्या सुरात ती कामगाराला उभं करायची, त्या सुरावरून कोणीतरी तिला मास्तरीण म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की तिचा नवराही कधीकधी चुकून तेच म्हणायचा.

पठारावर छत्तीस पवनचक्क्या होत्या. गेल्या दोन वर्षांत मास्तरणीने एकेकीची खोड मोडली होती. पात्यांवर मेलेल्या किड्यांची चिकट पुटं बसली होती, ती धुऊन काढली. वाऱ्याची दिशा सांगणारे चक्कीच्या माथ्यावरचे छोटे बाण वर्षानुवर्षं नुसत्या नजरेने बसवलेले होते, ते माप लावून सरळ केले. तेव्हा कळलं की निम्म्या चक्क्या वाऱ्याकडे तोंड करायच्या ऐवजी खांदा करून उभ्या होत्या, रुसलेल्या जावयासारख्या. या सगळ्याने प्रत्येक चक्की पहिल्यापेक्षा जास्त वीज द्यायला तयार झाली. आणि त्या वाढीव विजेचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. ती घ्यायलाच कोणी तयार नव्हतं.

कारण असं होतं. लांब कुठेतरी तारेवर फांदी पडते, आणि क्षणभर साऱ्या ग्रीडचं, म्हणजे सगळी वीजघरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचं, व्होल्टेज खाली बसतं. डोळा मिटून उघडेपर्यंत ते सावरतंही. त्या क्षणी प्रत्येक वीजघराने दातओठ खाऊन जागेवर टिकायचं असतं. पठारावरच्या चक्क्या मात्र असा झटका आला की छत्तीसही एकदम अंग काढून घेत. आधीच वाकलेल्या ग्रीडखालून आणखी एक खांदा निघून जाई. दोनदा त्यापायी अर्धं शहर अंधारात गेलं. दुसऱ्या वेळेनंतर ग्रीडच्या नियंत्रण केंद्राने हुकूम काढला की बहात्तर मेगावॅटची ऐपत असलेल्या या वीजघराने छत्तीसच्या वर एक मेगावॅट द्यायचा नाही. पडणारच असाल तर कमी उंचीवरून पडा, असा त्याचा सरळ अर्थ होता. तेव्हापासून चांगला वारा सुटला की पाती तिरकी करून निम्मा वारा सोडून द्यावा लागे, आणि मास्तरीण तो वाया गेलेला वारा वहीत मांडून ठेवे.

हुकमाखाली सही होती ती मास्तरणीच्या नणंदेची.

नणंद-भावजयीत छत्तीसचा आकडा असतो म्हणतात. इथे तो शब्दशः होता. नणंद नियंत्रण केंद्रात पाळीप्रमुख होती. वयाने मास्तरणीहून चार वर्षं लहान, डोक्याने बर्फासारखी, आणि कायद्याला सख्खी. फोनवर दोघी एकमेकींना ‘केंद्र’ आणि ‘वीजघर’ म्हणत, घरी ‘वहिनी’ आणि नावाने. मास्तरीण रागावली की मात्र तिला मुद्दाम ‘वन्सं’ म्हणे. त्या वर्षी हा मान नणंदेला वरचेवर मिळत होता.

मग एका सोमवारी साहेबांनी मास्तरणीला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे वीजघराचे मालक. मनाने वाईट नव्हते, पण माणूस थकला की जसा बोलतो तसे बोलले.

“निम्म्या विजेवर हे वीजघर चालत नाही. दोन वर्षं तज्ज्ञ आणले, चक्क्यांचे कॉम्प्युटर बदलले, तरी पडतात ते पडतातच. या महिन्याअखेर मर्यादा उठली नाही, तर मी सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला हो म्हणणार आहे. खोलून घेऊन जाईल.”

“आणि माणसं?”

“एकतीस जणं आहेत, मला माहीत आहे,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मलाही झोप लागत नाही, बाई.”

त्या एकतीस जणांत मास्तरीण होती आणि तिचा नवराही होता. तो बारा वर्षांपूर्वी चक्कीवर चढणारा कारागीर होता. नऊ नंबरच्या चक्कीत बुंध्याशी आग लागली, तेव्हा त्याचा उजवा हात भाजला. कातडी आवळून आली, मूठ मिटेनाशी झाली. तेव्हापासून तो भांडारात बसून नट-बोल्ट आणि ग्रीसचे डबे सांभाळत होता. बोलका माणूस अबोल झाला नव्हता, एवढंच त्यातल्या त्यात बरं होतं. पण चक्कीच्या दारात त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं.

रविवारी नणंद जेवायला आली. मास्तरीण मटार सोलत होती, नवरा चहा टाकत होता. नणंदेने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि मटाराच्या सालांवरच पसरला.

“वहिनी, आधी हे बघ.”

“जेवायला बोलावलंय तुला. तपासणीला नाही.”

“जेवते की. पण आधी बघ.”

कागदावर अकरा रेघा होत्या. गेल्या तीन महिन्यांत ग्रीडला बसलेले अकरा झटके, आणि प्रत्येक झटक्यात पठारावरची वीज कोणत्या क्षणी तुटली त्याची नोंद.

“अकराही वेळा झटका आल्यापासून सेकंदाचा दहावा भाग झाला, की तुम्ही पडता,” नणंद म्हणाली. “ना आधी, ना नंतर. आता मला सांग, तुझ्या चक्क्या काय एकाच दावणीला बांधल्यात? पहिली आणि छत्तिसावी यांच्यात सात किलोमीटर अंतर आहे. प्रत्येकीचा कॉम्प्युटर आपापला निर्णय घेत असता, तर एखादी लवकर पडली असती, एखादी उशिरा. एखादी टिकलीही असती. या तर शाळेची घंटा झाल्यासारख्या एकदम उठतात. घंटा कोण वाजवतंय, वहिनी?”

मास्तरणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला उत्तर माहीत होतं. प्रश्न संपायच्या आधी माहीत होतं.

नऊ नंबरच्या आगीनंतर तिने एका आठवड्यात छत्तीसही चक्क्यांच्या बुंध्याशी एकेक लाल डबा स्वतःच्या हातांनी बसवला होता. डब्याचं काम एकच. व्होल्टेज जरा खाली बसलं की सेकंदाच्या दहाव्या भागात मुख्य कळ पाडायची, पुढचा विचार करायचा नाही. घाईत बसवलेले ते डबे कुठल्याच नकाशावर आले नाहीत. तज्ज्ञ आले ते नकाशे घेऊन आले आणि नकाशात होतं तेवढंच तपासून गेले. चक्कीच्या कॉम्प्युटरला बिचाऱ्याला फक्त वीज गेली एवढंच समजे, तेवढंच तो नोंदवे. आणि वीजघरातली माणसं? ती दर महिन्याला लाल डबा फडक्याने पुसत आणि पुढे जात. वर्षातून एकदा मास्तरीण स्वतः येऊन त्यावर नवं सील लावे. ‘मास्तरणीचा डबा’ उघडायची कोणाची छाती होती? काखेत कळसा आणि दोन वर्षं गावाला वळसा चालला होता.

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

“तो डबा आहे म्हणून बारा वर्षांत पुन्हा आग लागली नाही,” ती एकदम तडकली. “वन्सं, तुमच्या केंद्रात गार खोलीत बसून रेघा मोजणं सोपं आहे. तुमच्याच भावाचा हात जळालाय. व्होल्टेज बसलं आणि आग लागली. अहवालात लिहिलंय तसं.”

“आग व्होल्टेजने नव्हती लागली,” नवरा म्हणाला.

त्याने गॅस बंद केला. चहा तसाच पातेल्यात राहिला.

“जोड सैल होता. केबलचा. मला दिसला होता. पाना खाली गाडीत राहिला होता, संध्याकाळ झाली होती, म्हटलं उद्या आवळू. त्याच संध्याकाळी झटका आला, जोड आधीच तापलेला होता, आणि पेटला. तू दुसऱ्या दिवशी जाऊन तो वितळलेला जोड बघितलास. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. अहवालात व्होल्टेज लिहिलंस आणि छत्तीस डबे लावलेस.”

नणंदेने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“तुमची नोकरी गेली असती,” मास्तरीण शेवटी म्हणाली. “हात तो तसा, आणि वर नोकरी.”

“गेली असती. म्हणून मीही गप्प बसलो. बारा वर्षं तुझ्या डब्याआड बसलोय मी.” तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “आता माझ्या एका नटापायी एकतीस जणं घरी बसणार असतील, तर ते मला नाही चालायचं.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. पण इथे दूध तापवलंच कोणी आणि कशाने, हेच झाकून ठेवलं होतं. मास्तरणीने आयुष्यभर दुसऱ्यांचे सैल नट पकडले होते. स्वतःचा हा एवढा मोठा सैल नट तिने सील लावून जपला होता, आणि दर वर्षी त्यावर सही केली होती. हे तिला त्या मटाराच्या सालांसमोर लख्ख दिसलं आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“हे मी आता ऐकलंय, वहिनी,” नणंद हळूच म्हणाली. “घरात ऐकलं तरी ऐकलंच.”

“मग नुसतं ऐकू नकोस. मी लिहून देते. साहेबांना एक प्रत, तुझ्या केंद्राला एक.”

“दादाचंही नाव येईल त्यात.”

“येऊ दे,” नवरा म्हणाला. “चहा घेणार का कोणी? उकळून काढा झालाय.”

सोमवारी मास्तरणीने दोन पानं लिहून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग असे काही कडाडले की बाहेर उभ्या असलेल्या पोपटाने, म्हणजे वीजघरातल्या सर्वांत बोलक्या कारागिराने, जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं. ठपका बसला, तिच्या नोंदीत आणि नवऱ्याच्याही. तो तिने खाली मान घालून घेतला. मग मान वर करून म्हणाली, “आता कामाचं बोलू?”

काम असं होतं. डबा काढून टाकायचा नव्हता, त्याला धीर धरायला शिकवायचं होतं. डब्यात एक छोटी चकती होती, किती वेळ थांबायचं ते ठरवणारी. ती सेकंदाच्या दहाव्या भागावरून तीन सेकंदांवर आणायची. तेवढ्यात कुठलाही साधा झटका सावरतो. खरोखरच काही बिघडलं असेल, तर चक्क्यांचे नवे कॉम्प्युटर प्रत्येक जोडाचं तापमान मोजत होतेच. बारा वर्षांपूर्वी ती सोय नव्हती, आता होती. डब्याची भीती बारा वर्षं जुनी झाली होती, एवढंच.

नियंत्रण केंद्राने दहा दिवसांची मुदत दिली. या दहा दिवसांत ग्रीडला खरा झटका बसला आणि छत्तीसही चक्क्या टिकल्या, तर मर्यादेचा पुन्हा विचार होईल. एक जरी पडली, तर मर्यादा कायमची. तोवर छत्तीस मेगावॅटच्या वर जायचं नाही. हुकमाखाली सही पुन्हा नणंदेचीच होती. फक्त या वेळी त्याखाली एक ओळ होती, की ही चाचणी माझ्या जबाबदारीवर. मास्तरणीने ती ओळ तीनदा वाचली आणि कागद कोणाला न दाखवता खणात ठेवला.

पस्तीस डबे दोन दिवसांत झाले. मास्तरीण आणि पोपट एकेका बुंध्याशी जात, सील तोडत, आधी प्रत्येक जोड पान्याने आवळून बघत, मग चकती फिरवत. मोजणीच्या यंत्रावर तीन सेकंद आले की नवं सील. सहा जोड सैल सापडले. मास्तरणीने सहाही वेळा पोपटाकडे बघितलं, आणि सहाही वेळा काही न बोलता स्वतः आवळले. पोपट नंतर सांगत फिरला की बाईंची तब्येत बरी नाही.

नऊ नंबर शेवटची राहिली. ती आपोआप राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीण नऊच्या दाराशी पोचली, तर नवरा पायरीवर बसलेला. शेजारी पाना ठेवलेला, शिरस्त्राण डोक्यावर, त्याची पट्टी हनुवटीखाली लोंबत होती. एका हाताने ती त्याला लावता येत नव्हती.

“भांडार कोण बघतंय?” तिने विचारलं.

“भांडाराला काय पाय फुटणार आहेत?”

तिने पट्टी लावून दिली. दोघं आत गेली. बुंध्याची ती गोल खोली, भिंतीला लागून वर जाणारी शिडी, तेलाचा आणि गरम रबराचा वास, आणि एका बाजूला अजूनही राहिलेला काजळीचा डाग, जो रंग देऊनही वर येत असे. नवरा क्षणभर दारातच थांबला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो परत फिरला असता, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारातून ठाऊक होतं.

मग तो पुढे झाला, आणि डाव्या हाताने एकेक जोड आवळायला लागला. बारा जोड होते. एकही सैल नव्हता. तरी त्याने बाराही आवळले, आणि तो केबलचा जोड दोनदा.

“झालं?” मास्तरीण म्हणाली.

“थांब.” त्याने डब्याचं सील तोडलं. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, पण अंगठा आणि तर्जनी एवढी जवळ येत की चकती धरता यावी. ती त्याने फिरवली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. यंत्रावर तीन सेकंद आले.

“आता झालं,” तो म्हणाला. बाहेर आल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मास्तरीणही त्याच्या शेजारी बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला काही सुनावायची तिला इच्छा झाली नाही.

मग सुरू झाली ती वाट बघण्याची गंमत. म्हणजे नंतर गंमत वाटली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ग्रीडला झटका बसेना! एरवी आठवड्यात एखादी तार तुटायची, कुठेतरी झाड पडायचं. आता चार दिवस, पाच दिवस, आठ दिवस, ग्रीड आपली शहाण्या मुलासारखी सरळ चालली होती. झटका नाही म्हणजे परीक्षाच नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे महिनाअखेर येऊन ठेपणार.

“सगळं जग म्हणतं वीज जाऊ नये,” पोपट म्हणाला. “आपण एकतीस जणं तेवढे उलट्या काळजाचे.”

नववा दिवसही कोरडा गेला. दहाव्या दिवशी दुपारी साहेब नियंत्रण खोलीत आले, ते सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला घेऊनच. व्यापारी गोलमटोल, हसतमुख माणूस होता. त्याच्या हातात मोजपट्टी होती आणि ती तो बोलता बोलता उगाचच ओढून सोडत होता. पात्यांची लांबी त्याने सकाळीच मोजून घेतली होती. आता त्याला कॉम्प्युटर किती जुने आहेत ते बघायचं होतं.

“बाई, जरा बाजूला होता का?” तो मास्तरणीला म्हणाला.

“नाही,” मास्तरीण म्हणाली, आणि खुर्चीतून हलली नाही.

बाहेर वारा चांगलाच उठला होता. पडद्यावर छत्तीस हिरवे ठिपके होते. खाली आकडा होता छत्तीस मेगावॅट, जेवढी परवानगी तेवढाच. वारा दुप्पट द्यायला तयार होता आणि पाती तिरकी करून तो वाया घालवणं चाललं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी छतावरचे दिवे मंदावले.

व्होल्टेजचा आकडा शंभर टक्क्यांवरून एकदम चाळीसवर बसला. या क्षणानंतर काय होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. भोंगा वाजायचा, हिरव्याचं लाल व्हायचं, आणि मग शांतता. पोपटाने सवयीने कानांवर हात ठेवलेसुद्धा. अर्धा सेकंद गेला असेल नसेल. दिवे सावरले. भोंगा वाजला नाही.

कोणी श्वास सोडायच्या आत दिवे पुन्हा बसले, या वेळी पहिल्याहून खोल. बिघाड झालेली तार ग्रीडने आपोआप पुन्हा चालू करून बघितली होती आणि बिघाड अजून तिथेच होता. आकडा पंचवीस. खोली जवळजवळ काळोखी झाली. पडद्यावर नऊ नंबरचा ठिपका पिवळा पडला, म्हणजे ती धडपडत होती.

“धर,” मास्तरीण पडद्याला म्हणाली. “धर गं, बाई. सोडू नकोस.”

दिवे आले. व्होल्टेज नव्वदवर चढलं, पंच्याण्णववर, शंभरावर. नऊचा ठिपका क्षणभर पिवळाच राहिला, आणि मग हिरवा झाला. पोपट ठिपके मोजायला लागला. बावीसपर्यंत पोचला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

फोन वाजला.

“वीजघर, केंद्र बोलतंय.” नणंदेचा आवाज, घाईचा. मागे दहा माणसं एकदम बोलत होती. “तुमच्या किती पडल्या?”

“एकही नाही.”

“वीजघर, मी विचारलं किती पडल्या?”

“आणि मी सांगितलं एकही नाही. छत्तीसच्या छत्तीस उभ्या आहेत.”

मग नणंद बोलली तेव्हा तिचा आवाज पुन्हा बर्फ झाला होता, पण त्या बर्फाखालून पाणी वाहत होतं हे भावजयीला ओळखता आलं.

“नदीकाठचं कोळशाचं वीजकेंद्र या झटक्यात बंद पडलंय. फ्रिक्वेन्सी घसरतेय. एकोणपन्नास पूर्णांक पाचला आलीय, पन्नास हवी. आणखी घसरली तर मला शहराचे भाग बंद करावे लागतील. रुग्णालयाकडची लाइन पहिल्याच यादीत आहे. तुमच्याकडे वारा किती आहे?”

“किती हवाय?”

“सगळा.”

“आणि मर्यादा?”

“मर्यादा उठवली. वेळ तीन बावीस. हुकूम माझा. द्या, वीजघर. जेवढं आहे तेवढं द्या!”

मास्तरणीने पडद्यावरचा मर्यादेचा आकडा पुसला आणि छत्तीसही चक्क्यांना एकदम मोकळं सोडलं. खिडकीतून दिसत होतं. वाऱ्याला अंग चोरून उभी असलेली पाती हळूहळू वळली, रुंद झाली, आणि पठारभर एक खोल घुमारा उठला. दोन वर्षांत तो आवाज कोणी ऐकला नव्हता. आकडा चढायला लागला. एकेचाळीस. पन्नास. पोपट मोठ्याने वाचत होता, आणि त्याला कोणी गप्प बस म्हणत नव्हतं. अठ्ठावन्न. धुतलेली पाती, सरळ केलेले बाण, दोन वर्षं कोणाच्याही उपयोगी न पडलेली सगळी मेहनत एकदम कामाला लागली होती. पासष्ट. सत्तर.

“बहात्तर!” पोपट ओरडला.

“फ्रिक्वेन्सी थांबली,” फोनवर नणंद म्हणाली. “एकोणपन्नास पूर्णांक सहा. सात. चढतेय. शहर चालू आहे. सगळंच्या सगळं शहर चालू आहे, वीजघर.”

व्यापाऱ्याने मोजपट्टी खटकन आत सोडली. “साहेब,” तो म्हणाला, “या विकायच्या आहेत ना?”

“कोण म्हणालं?” साहेब म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यासाठी दार स्वतः उघडून धरलं.

मास्तरीण खोलीबाहेर धावली. भांडारासमोर नवरा उभा होता, डोळ्यांवर आडवा हात धरून पठाराकडे बघत. तो आवाज त्याच्याही कानांवर गेला होता.

“नऊ?” त्याने विचारलं.

“पिवळी झाली होती. धरून राहिली.”

तो नऊ नंबरच्या पात्यांकडे बघत राहिला. मास्तरीण मात्र तिथेच, एकोणतीस माणसांसमोर, हमसून हमसून रडली, आणि कोणी बघतंय याची तिने पर्वा केली नाही. बारा वर्षांचं होतं ते. पोपटाने पाणी आणून दिलं आणि शहाणपणाने तोंड दुसरीकडे केलं.

साडेपाचला केंद्राचा फोन पुन्हा वाजला. कोळशाचं वीजकेंद्र पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली होती. गरज सरली की वैद्य मरतो, हे कोणाला शिकवायला नको होतं, आणि दोन वर्षांत केंद्राचा फोन एकाच कामासाठी यायचा.

मास्तरणीने फोन उचलला, वही पुढे ओढली.

“किती कमी करू, केंद्र?”

“कमी?” नणंद म्हणाली. “खबरदार कमी केलंत तर! उद्याचं वेळापत्रक लिहून घ्या. पठारावरचं वीजघर, बहात्तर.”

“आणि परवा?”

“परवाही बहात्तर. वारा असला तर.”

“वाऱ्याचं माझ्याकडे लागलं,” मास्तरीण म्हणाली, आणि तिने वहीत बहात्तर असं काही लिहिलं, की ते खालच्या दोन पानांवरही उमटलं.